सातवीतला दहावा

३ जून

प्रिय वन्सं,

हा शब्द तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहिला. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो आणि ज्यासाठी फोन केला ते राहूनच जातं. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही. शिवाय तुझ्या दादाचे कान अजून तिखट आहेत आणि घर लहान आहे.

विषय भुंग्याचा आहे. त्याचा तो चार पंख्यांचा ड्रोन, सांगाड्यापासून तारांपर्यंत स्वतः जोडलेला. जानेवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर भुंगा कपाटावर गेला तो अजून तिथेच आहे. तुझ्या दादाचं बोलणं सुधारलं, पाय सुधारला, पण उजवा हात थरथरतो. एका हाताने सरळ रेघ ओढणारा म्हणून नकाशाच्या कचेरीत ज्याचं नाव होतं, तो आता पेनसुद्धा टेबलावर ठेवताना दुसऱ्या हाताने धरतो. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसतो, कारण खिडकीतून त्याच्या ड्रोन मंडळाचं उडवायचं मैदान दिसतं.

सप्टेंबरच्या शेवटी मंडळाची वार्षिक चाचणी आहे. ड्रोन आखलेल्या चौकोनावर स्थिर धरायचा, चौकोनाच्या कडेने फिरवायचा, नेमका उतरवायचा. जो चाचणी देणार नाही त्याचं नाव कटणार, आणि मैदानासाठी रांग इतकी लांब आहे की एकदा कटलं म्हणजे कटलंच. मी विषय काढला तर म्हणाला, "कापू देत. लोकांसमोर हात दाखवून अवलक्षण कशाला?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला नाही. तेव्हा मी ठरवलं.

मी गणिताची मास्तरीण आहे, मला सरासरी कळते. रिमोटच्या दांडीची स्थिती भुंगा सेकंदाला कितीतरी वेळा वाचतो. त्यातल्या शेवटच्या बारा वाचनांची सरासरी घेतली तर थरथर आपोआप कापली जाईल आणि खरा हेतू तेवढा उरेल. ही सरासरी मी भुंग्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या मेंदूतल्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलीसुद्धा. अडलं आहे ते पुढे. भुंग्याचा बोर्ड जुना आहे, त्याच्यासाठी तयार फाईल आता कुणी देत नाही, आपणच कंपाईल करावी लागते, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून बोर्डाला कळेल अशी बनवून घ्यावी लागते. मी कंपायलर, बांधणीचं साधन, सगळं ताजं ताजं उतरवून घेतलं. पहिल्यांदा पानभर चुका आल्या. त्या मी एकेक करून मिटवल्या, तर आता म्हणतो, फाईल बोर्डाच्या मेमरीत मावत नाही. नाकापेक्षा मोती जड!

तू धुलाईयंत्रांच्या बोर्डांसाठी हेच करतेस ना? मग सांग. आणि दादाला काही कळू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

१२ जून

वहिनीस,

वन्सं म्हणालीस तर पुढचं पत्र न फोडता परत येईल.

आधी तुझी चूक. भाजी ताजी बघून घेतात, कंपायलर नाही. भुंग्याचा कोड ज्या काळात लिहिला गेला त्याच काळातला कंपायलर लागतो, आणि त्या कंपायलरशी पटणारंच बांधणीचं साधन. नट एका आट्याचा आणि बोल्ट दुसऱ्या आट्याचा घेतलास तर दोन्ही कितीही चकचकीत असले तरी बसायचे नाहीत. तुझ्याकडे सध्या तिघांचाही आपापसात छत्तीसचा आकडा आहे. आमच्याकडे चाचणीच्या हॉलमध्ये दहा यंत्रं एका ओळीत रिकामी फिरत असतात आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या यंत्रासाठी आम्ही अजून तितकाच जुना कंपायलर सांभाळून ठेवला आहे. नव्या मुलींना तो बघून हसू येतं. मग एकदा त्या नव्याने करून बघतात आणि हसायच्या थांबतात.

कोडसोबत 'आधी हे वाचा' अशा अर्थाची एक फाईल असते. ती कुणीच आधी वाचत नाही. तू वाच. त्यात कंपायलरची कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेलं असेल. तो आकडा मला कळव आणि तुझा कोड पाठव. कंपाईल मी इथे करते, कारण तुझ्या कॉम्प्युटरवर ताज्या गोष्टींचा जो ढीग झाला आहे तो एकमेकांच्या पायात पाय घालणार.

आता माझं मत, जे तू विचारलेलं नाहीस. मला हे पटत नाही. मोटर बंद करायचं बटण तुझ्या सरासरीच्या बाहेर ठेव, ते दाबल्याक्षणी लागलं पाहिजे. आणि दादाला न विचारता त्याच्या हातात असलं काही देऊ नये. तो आधी माझा भाऊ आहे, मग तुझा नवरा.

तुझी एकुलती एक नणंद

२० जून

प्रिय एकुलतीस,

भाऊ तुझा आधीचा असेल, पण रोज सकाळी शर्टाची बटणं लावून देताना मान वळवणारा नवरा माझा आहे. विचारलं तर तो नाही म्हणणार. आणि त्याने एकदा नाही म्हटलं की पालथ्या घड्यावर पाणी, हे तूच मला लग्नात सांगितलं होतंस. म्हणून आधी करून दाखवायचं, मग विचारायचं.

फाईल वाचली. कंपायलर ७.१, बांधणीचं साधन ४.२. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मी पानभर चुका मिटवत बसले याची लाज वाटली. मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून मीच ओरडते. कोड पेन ड्राईव्हवर आहे, पाकिटात चिकटवला आहे. बंद करायचं बटण सरासरीच्या बाहेरच आहे, तेवढी अक्कल मला आहे.

काल भुंगा कपाटावरून उतरवला. धूळ पुसली, पंखे काढले, आणि माझ्या तपासायच्या पेपरांच्या पेटीत लपवला. कपाटावर आता टोपी ठेवली आहे. तुझ्या दादाने तिकडे पाहिलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला वाटलं असेल मी भुंगा कुणाला तरी देऊन टाकला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला रडू येत होतं, पण मी कणीक मळत होते म्हणून निभावलं.

तुझी,
वहिनी

१ जुलै

वहिनी,

७.१ सहजासहजी मिळाला नाही. जुन्या साठ्यात खूप खाली होता. पण मिळाला, बसला, आणि तुझा कोड कंपाईल झाला. चार इशारे आले. चूक म्हणजे कंपायलर अडून बसतो, इशारा म्हणजे नुसता कुरकुरतो. जुन्या कोडवर अशी कुरकुर चालायचीच, मी ती बंद केली. फाईल मावते आहे, वर जागाही उरते आहे. तयार फाईल याच पेन ड्राईव्हवर परत पाठवते.

तुझी सरासरी वाचली. नीट लिहिली आहेस. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

पंखे लावायचे नाहीत. आधी टेबलावर, मोकळ्या मोटरींवर तपास. बोटं, ओढणी, केस, सगळं लांब ठेव.

नणंद

११ जुलै

नणंदेस,

नाही चालत.

तुझ्या सूचनेप्रमाणे पंखे न लावता, भुंगा जेवणाच्या टेबलाला पट्टीने बांधून तपासला. दांडी मधोमध, हात लांब. बाकीच्या मोटरी शांत फिरतात, तिसरी आपल्या मनाने जोर करते, मग चारही एकदम थांबतात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पंखे असते तर त्याने माझं नाक नेलं असतं. मी माझी सरासरी कागदावर ओळीने सोडवून पाहिली. तीन वेळा. त्यात चूक नाही.

मग चूक कुठे आहे? माझ्या कोडला तू हात लावलास का? सरळ विचारते, कारण हे होऊ नये अशी तुझी इच्छा पहिल्या दिवसापासून आहे.

आणि मोटरींचा आवाज ऐकून तुझा दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टेबलावर मी पटकन टॉवेल टाकला. त्याने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मिक्सर." तो म्हणाला, "बरं," आणि परत गेला. ज्याने त्या मोटरी स्वतःच्या हाताने बसवल्या त्याला मी मिक्सर सांगितलं. बारा वर्षांच्या पोरीसुद्धा मला यापेक्षा बरी कारणं सांगतात.

वहिनी

१६ जुलै

वहिनी,

परवा तू फोन केलास. पत्रांचा नियम तू केलास आणि तूच मोडलास, आणि जे बोललीस ते मी इथे लिहिणार नाही. तूही पुन्हा बोलू नकोस.

मला हे नको होतं, हे खरं आहे. मला भीती वाटते. दादा मैदानावर जाईल, सगळ्यांसमोर भुंगा पाडेल, आणि नंतर कुठेच जाणार नाही, असं मला वाटतं. म्हणून नको होतं. पण एखादं काम हातात घेऊन ते मुद्दाम बिघडवायचं, हे मला धुलाईयंत्राच्या बाबतीतही जमलेलं नाही. तुझ्या कोडच्या एका अक्षरालाही मी हात लावलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणू शकले असते. म्हणत नाही, कारण तुझी सरासरी मीही सोडवून पाहिली आणि ती बरोबर आहे.

म्हणजे चूक तुझ्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. मग ती आपल्या दोघींच्या मधे कुठेतरी आहे. त्या 'आधी हे वाचा' फाईलचा फोटो काढ, छाप आणि पाठव. तू हाताने लिहून काढलेलं नको, जसं आहे तसं.

मी हे सोडणार नाही. आता तर मुळीच नाही.

नणंद

२४ जुलै

प्रिय नणंदेस,

फोनवर बोलले ते चुकलं. फोन ठेवल्या ठेवल्या कळलं, पण परत उचलायचं धाडस झालं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला भीती वाटते असं तू मला कधी सांगितलं नव्हतंस, मला वाटायचं तुला नुसता हेका चालवायचा असतो.

फोटो जोडला आहे. बघ, मी कळवलं तेच आहे. कंपायलर ७.१०, म्हणजे ७.१. साधन ४.२. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आता कुठे शोधायचं तेवढं सांग, मी शोधते. चाचणीला अजून वेळ आहे.

तुझी,
वहिनी

३० जुलै

वहिनी! वहिनी! वहिनी!

तुझा फोटो मी चाचणीच्या हॉलमध्ये उघडला आणि इतक्या मोठ्याने ओरडले की आमच्या साहेबांनी धावत येऊन एक यंत्र बंद केलं. त्यांना वाटलं, माझा हात अडकला.

७.१० म्हणजे ७.१ नव्हे, बाई! तो दशांश नाही. तो दोन आकड्यांच्या मधला नुसता ठिपका आहे. सातव्या मालिकेतली दहावी आवृत्ती. ७.९ झाली की त्यानंतर ७.१० येते. तू शाळेत आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते: सातवीतला दहावा मुलगा. तू त्याच्या हजेरी क्रमांकातलं शून्य पुसलंस आणि मी सातवीतल्या पहिल्या मुलाला कान धरून घेऊन आले. त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं. त्याला येत होतं तेवढं त्याने केलं.

लोक 'ध'चा 'मा' करतात. तू शून्याचं 'काहीच नाही' केलंस आणि तिसरी मोटर उधळली.

दोष माझाही आहे. ७.१ ची तारीख भुंग्याच्या कोडच्या आधीची आहे हे मला दिसलं होतं. खटकलं, आणि मी पुढे गेले. चार इशारे आले, मी त्यांची तोंडं बंद केली. ते नेमकं हेच सांगत होते. एखादी नवी मुलगी असं करती तर मी तिला दिवसभर सोडलं नसतं.

आज ७.१० ने कंपाईल केलं. एकही इशारा नाही. पण तयार फाईल पाठवत नाही. ७.१० आणि ४.२ दोन्ही पाठवते आहे, सोबत कसं बसवायचं ते लिहून. आधी तुझा ताजा ढीग पूर्ण काढून टाक. मग तूच कंपाईल कर. पुढे काही बदलावं लागलं तर पाकिटाची वाट बघत बसायला नको.

आणि आता दादाला सांग. मिक्सर पुरे झाला.

तुझी (आज वन्सं म्हटलंस तरी चालेल)

१२ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

परवानगी दिलीस, आता घे!

तेवीस वर्षं मी पोरांना सांगते आहे की दशांशचिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, ते लिहू नका. फाईल वाचताना माझ्या हाताने ते आपसूक गाळलं, मला कळलंसुद्धा नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मग बाई, आमचे कापलेले मार्क परत द्या." तिला बाहेर उभं केलं, पण हसत हसत.

ढीग काढला, ७.१० बसवला, कंपाईल केलं. चारही मोटरी एकसारख्या फिरल्या. या वेळी टॉवेल टाकला नाही. तुझा दादा दारात आलाच. मी म्हटलं, "मिक्सर नाही." तो म्हणाला, "मला माहीत होतं." मग सगळं सांगितलं.

तो चिडला. इतका चिडलेला त्याला जानेवारीपासून पाहिला नव्हता, मला बरंच वाटलं. म्हणाला, "माझा हात झाकायला निघालात दोघी? उडवणार कोण, मी की तुमची सरासरी?" मी रिमोट त्याच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

त्याने रिमोट उचलला. दांडी हलवली, मोटरी ऐकल्या, पुन्हा हलवली. तास गेला असेल. मग म्हणाला, "हा ऐकतो, पण उशिरा. मी डावीकडे म्हणतो, हा 'बघतो, सांगतो' म्हणतो. कचेरीतल्या बाबूसारखा." मी म्हटलं, बारा वाचनांची सरासरी आहे, थोडा उशीर होणारच, पण त्यामुळे तो अगदी चित्रासारखा स्थिर राहील. तर म्हणाला, "चित्र भिंतीवर लावतात. बाराचे पाच कर."

पाच केले तर थोडी थरथर भुंग्यात उतरणार, हे मी त्याला आकडेमोड करून दाखवलं. त्याने कागद ओढून घेतला, डाव्या हातात पेन्सिल धरली, माझ्या बारावर काट मारून पाच लिहिलं. काट वाकडी आली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग कागद मला परत दिला.

पाच करून कंपाईल केलं. रोज सकाळी, मैदान रिकामं असतं तेव्हा, आम्ही दोघं जातो. पहिल्या दिवशी भुंगा गवतात पडला, दुसऱ्या दिवशी झुडपात. एक पंखा तुटला. मी मास्तरणीसारखी हाताची घडी घालून उभी असते. चाचणीच्या दिवशी तू यावंस असं वाटतं, पण तुला भीती वाटते हे आता माहीत आहे, म्हणून आग्रह करत नाही.

तुझी,
वहिनी

३० सप्टेंबर

चिंगे,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताचं आहे. तुझी वहिनी म्हणाली मी लिहिते, तू सांग. मी म्हटलं, नको, ती शेवटची शून्यं गाळते.

काल चाचणी झाली. दहा-बाराजण होते, त्यात निम्मे माझे जुने सोबती. कुणी माझ्या हाताकडे बघत नव्हतं, आणि सगळे ते न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की मलाच अवघडायला झालं. माझा क्रमांक आला. एकदा वाटलं, रिमोट खाली ठेवावा आणि घरी जावं. मग कुंपणापाशी ही दिसली. हाताची घडी घातलेली, चेहरा पेपर वाटून झाल्यानंतर असतो तसा.

उडवला. चौकोनाच्या कडेने फिरवला, चारही कोपरे धरले. शेवटी मधोमध आणून थांबवला. स्थिर धरायचा भाग हाच. माझा हात दांडीवर थरथरत होता आणि वर भुंगाही थरथरत होता, अगदी बारीक, पण चौकोनाबाहेर जाईना. कान टवकारलेल्या कुत्र्यासारखा जागेवर उभा. मला त्याच्याकडे बघून इतका आनंद झाला की आता लिहिताना पुन्हा होतो आहे.

परीक्षक नवे होते, त्यांना माझं काही माहीत नव्हतं. ते डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाले, "वर वारा लागतोय का हो?"

मी म्हटलं, "वारा नाही. मी आहे."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. सरळ पाहिलं, लपवून नाही. मग म्हणाले, "बरं. उतरवा सावकाश." आणि उतरवून होईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.

नाव कटलं नाही.

तुझा,
दादा